बघतो म्हणाले

रुग्ण ‘नाही’ म्हणाला तर डॉक्टरांना त्याचं काही वाटत नसे. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं, आणि भांडणात डॉक्टर तरबेज होते. सत्तावीस वर्षांच्या सरावाने त्यांचा आवाज आरोग्य केंद्राच्या फाटकापर्यंत पोचत असे आणि फाटकाशी घुटमळणारे दोघेतिघे तो आवाज ऐकूनच आपापला आजार घेऊन घरी परत जात. पण रुग्ण ‘बघतो’ म्हणाला की डॉक्टरांचं अवसान गळायचं. या शब्दाचा त्यांनी फार खोलात जाऊन अभ्यास केला होता. ‘बघतो’ म्हणजे करणार नाही, पण तुमच्या तोंडावर तसं म्हणणार नाही. ‘बघू’ म्हणजे करणार नाही आणि तुम्हीही पुन्हा विचारू नका. ‘बघू या’ म्हणजे न करण्याच्या या कामात आता तुम्हीही सामील आहात. आणि ‘बघायला पाहिजे’ म्हणजे ते दुसऱ्या कोणीतरी बघायला पाहिजे. या विषयावर एखाद्या वैद्यकीय मासिकात लेख लिहावा असं त्यांच्या मनात होतं, पण तेही त्यांनी बघू म्हणून ठेवलं होतं.

सगळ्या बघतो म्हणणाऱ्यांचे मुकुटमणी म्हणजे मास्तर. हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिंपीकाम करणारे. केंद्रासमोरच्या गल्लीत त्यांचं एक खिडकी आणि एक पायमशीन एवढंच दुकान होतं. बारा वर्षांची साखर, आणि तीही अशी की रिपोर्ट आला की प्रयोगशाळेवाले स्वतः फोन करून ‘हे खरंच आहे का’ म्हणून विचारत. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी त्यांना इन्शुलिनचं पेन दिलं. “रोज घ्यायचं. चुकवायचं नाही. घ्याल ना?” मास्तर मान डोलावून म्हणाले, “बघतो.” त्यानंतर त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात टाचणी घुसली. पायाला संवेदनाच नव्हती, म्हणून ती घेऊन मास्तर दोन दिवस मशीन चालवत राहिले. जखम चिघळली. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनने डॉक्टरांना फोनवर स्पष्ट सांगितलं, “चार आठवडे देतो. साखर उतरली तर ठीक, नाहीतर अंगठा काढणार. आणि मग पुढे पाऊल जाईल की गुडघा, ते मला विचारू नका.”

पायमशीनवर पोट असलेल्या माणसाचा पाय जाणार, आणि तो म्हणतो बघतो. डॉक्टरांच्या अंगाची लाही लाही झाली.

नेमक्या त्याच आठवड्यात केंद्राची तक्रारपेटी उघडली गेली. वर्षभर तिची किल्लीच सापडत नव्हती. त्यात चार चिठ्ठ्या होत्या. एक पंख्याबद्दल, तीन डॉक्टरांबद्दल. त्यातल्या एकीत लिहिलं होतं की डॉक्टर म्हणाले, मरायचंच असेल तर घरी मरा, इथे खुर्च्या कमी आहेत. अधीक्षकांनी याचा खुलासा मागितला. डॉक्टरांनी खुलाशात लिहिलं की खुर्च्या कमी आहेत हे खरं आहे. हा खुलासा समाधानकारक धरला गेला नाही. ‘अनुत्सुक रुग्णांशी संवादकौशल्य’ अशा नावाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला डॉक्टरांची रवानगी झाली. प्रमाणपत्र आणलं नाही तर तपासणीची खुर्ची जाऊन दाखल्यांवर शिक्के मारायची खुर्ची मिळेल, असंही अधीक्षकांनी हसत हसत सुचवलं.

प्रशिक्षणाला नवा पांढरा कोट हवा होता. डॉक्टरांनी धूर्तपणा केला. कोट आणि एक पँट मास्तरांकडे शिवायला टाकली, म्हणजे मापाच्या निमित्ताने दुकानात जाऊन इन्शुलिनबद्दल दोन शब्द सुनावता येतील. त्यांनी दोनशे शब्द सुनावले. मास्तर कमरेचं माप घेताना ऐकत राहिले आणि शेवटी टेप गुंडाळत म्हणाले, “बघतो.”

कपडे आले तेव्हा डॉक्टरांच्या बायकोने ते पलंगावर पसरले आणि एकेक शिवण चाचपून पाहिली. पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड होता. कोटाची चार बटणं पांढरी आणि पाचवं पिवळट होतं. उजवा खिसा चारही बाजूंनी शिवून बंद करून टाकला होता आणि आत काहीतरी टणक राहिलं होतं, ते बाहेरून बोटाला लागत होतं.

“अहो, सूड उगवलाय त्याने,” बायको म्हणाली.

“माझ्यावर?”

“मग काय माझ्यावर? मी काय बोलले होते त्याला?”

डॉक्टरांना ते पटलं. इतक्या वर्षांत कित्येकांनी त्यांचा मनातल्या मनात सूड घेतला असेल, पण दोन बोटं मोजून घेणारा हा पहिलाच.

प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमचा आवाज इतका मऊ होता की मागच्या बाकांवरच्यांना आपणच अनुत्सुक असल्यासारखं वाटू लागलं. त्यांनी फळ्यावर नियम लिहिले. ‘पाहिजे’ हा शब्द वापरायचा नाही. हुकूम करायचा नाही. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं तो प्रश्न म्हणजे बंद प्रश्न, तो विचारायचा नाही. रुग्ण जे म्हणेल ते त्यालाच परत सांगायचं, म्हणजे आपलं ऐकलं जातंय हे त्याला कळतं. आणि रुग्ण गप्प झाला तर आपणही गप्प राहायचं, मनात सात मोजायचे. डॉक्टरांनी हात वर करून विचारलं, “आणि तोपर्यंत बाहेर साठ माणसं ताटकळली असतील तर?” मॅडम मंद हसून म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला बाहेरच्या साठ माणसांची काळजी वाटते.” डॉक्टर म्हणाले, “हो, तेच म्हणतोय.” मॅडमनी सात मोजले. चर्चा तिथेच संपली.

प्रमाणपत्रासाठी शेवटची अट होती. खऱ्याखुऱ्या अनुत्सुक रुग्णाबरोबरचा पंधरा मिनिटांचा संवाद ध्वनिमुद्रित करून पाठवायचा, आणि त्यात आपण का बदलायचं, याचं कारण रुग्णाने स्वतःच्या तोंडून सांगितलेलं असलं पाहिजे. हा पाहिजे मात्र मॅडमना चालत होता.

डॉक्टरांनी सरावाला घरापासून सुरुवात केली. संध्याकाळी बायको म्हणाली, “कंटाळा आला बाई मला या घराचा.” डॉक्टरांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, पुढे झुकले, आणि मऊ आवाजात म्हणाले, “म्हणजे तुला या घराचा कंटाळा आला आहे.” बायकोने चमकून पाहिलं. “काय म्हणालात?” “काय म्हणालो, असं तुला वाटतंय.” त्यानंतर दोन दिवस घरात संवाद नव्हता, कौशल्य तर दूरच राहिलं.

केंद्रात तर पुरते बारा वाजले. एक गवंडी म्हणाला, “गोळ्यांनी पोट जळतं.” डॉक्टर म्हणाले, “म्हणजे गोळ्यांमुळे तुमचं पोट जळतंय.” गवंडी सिस्टरकडे वळून म्हणाला, “ह्यांना ऐकू येईनासं झालं का?” एका बाईंना त्यांनी विचारलं, “शून्य ते दहापैकी रोज चालायची तुमची तयारी किती?” बाई म्हणाल्या, “ते तुम्ही ठरवा. मार्क देणारे तुम्ही.” एका म्हाताऱ्या गृहस्थांचं बोलणं डॉक्टरांनी तीनदा परत सांगितलं तेव्हा ते काठी आपटत उठले आणि थेट तक्रारपेटीकडे गेले. तिची किल्ली आता सापडलेली असल्यामुळे चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी वर पोचली. तिच्यात लिहिलं होतं की पूर्वी डॉक्टर नुसते ओरडायचे, आता वेडावून दाखवतात. ही गोष्ट डॉक्टरांच्या फार जिव्हारी लागली.

शेजारच्या फ्लॅटमधले विमावाले जिन्यात भेटले. बत्तीस वर्षं नको म्हणणाऱ्या लोकांना विमा विकलेला हा माणूस. त्यांनी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमच्या मॅडमना गिऱ्हाईक कळत नाही. भीती घाला, डॉक्टर. तोंडाने नाही, चित्राने. मी नेहमी बॅगेत एक अपघाताचा फोटो ठेवतो.”

हे नियमात बसत नव्हतं, पण चारपैकी दोन आठवडे संपले होते आणि साखर होती तिथेच होती. डॉक्टरांनी सडलेल्या पावलाचा एक रंगीत फोटो मोठा करून आणला, दुकानात जाऊन मास्तरांच्या हातात ठेवला आणि छाती भरून श्वास घेऊन उभे राहिले. मास्तरांनी फोटो हातात फिरवला, उजेडाकडे धरला.

“चांगला आलाय,” ते म्हणाले. “घरचंच कोणी का?”

डॉक्टर तडक बाहेर पडले. अपमान गिळायची त्यांना सवय नव्हती, तरी तो गिळावा लागला. आखूड पायाची पँट फडफडवत ते गल्ली ओलांडून आले आणि सिस्टरना म्हणाले की हा माणूस माझी थट्टा करतोय, आणि तीही स्वतःच्या पायाच्या किमतीवर.

मग सुरू झाली संमतीपत्राची भानगड. ध्वनिमुद्रणाला रुग्णाची लेखी संमती हवी, तीन प्रतींत. डॉक्टर कागद घेऊन गेले. “कुठे करू?” मास्तरांनी विचारलं. “खाली, रेघेवर.” मास्तरांनी झोकात सही केली. चार दिवसांनी कागद कार्यालयातून परत आले. कारकुनाने शेरा मारला होता की अधीक्षकांच्या जागी रुग्णाने सही केली असून, त्यामुळे सदर कागदावर रुग्ण हेच अधीक्षक ठरतात. दुसऱ्या खेपेला मास्तरांची सही नियम क्रमांक पाचवर आडवी बसली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. “एवढं साधं तुम्हाला जमू नये, मास्तर,” ते म्हणाले. मास्तर ओशाळं हसले. या सह्यांमध्ये आणखी आठवडा गेला.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी डॉक्टर कार्यालयाचं ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन दुकानात गेले. मास्तर मशीनशी बसले होते, पायाला पट्टी होती, शेजारी बुटक्या फळीवर इस्त्री तापत होती. हातात सुई होती आणि ते दोरा ओवत होते. डॉक्टरांनी यंत्र सुरू करून मशीनच्या कडेला ठेवलं.

“मास्तर, इन्शुलिनबद्दल तुम्हाला काय वाटतं, ते तुमच्या शब्दांत सांगा.” खुला प्रश्न. डॉक्टरांना स्वतःचं कौतुक वाटलं.

“चांगलंच असेल. तुम्ही दिलंय म्हणजे.”

“म्हणजे ते चांगलं आहे असं तुम्हाला वाटतं.”

“तसंच म्हणालो मी.”

“ते रोज घेण्याबद्दल तुमच्या मनात काय येतं?”

मास्तरांनी दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं आणि पुन्हा सुईवर नेलं. “बघतो,” ते म्हणाले.

डॉक्टरांच्या कपाळाची शीर उडाली, पण मॅडमचा आवाज कानात होता. “म्हणजे तुम्हाला बघायचं आहे,” ते मऊपणे म्हणाले.

मास्तरांचा हात थांबला. “बघायचं तर आहेच हो,” ते हळूच म्हणाले आणि गप्प झाले. डॉक्टरांनी सात मोजले. मग आणखी सात. मास्तर पुन्हा दोरा ओवू लागले. दहा मिनिटं झाली, अकरा झाली, बारा झाली. कारण काही येईना. मास्तर मध्येच ‘चहा सांगतो’ म्हणत उठले आणि पट्टी बांधलेलं पाऊल त्यांनी सरळ तापलेल्या इस्त्रीच्या दिशेने टाकलं.

“अहो मास्तर,” डॉक्टर असे ओरडले की समोरच्या केंद्रात सिस्टर उभ्या राहिल्या, “दिसत नाही का तुम्हाला?”

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी किती जणांवर फेकला असेल त्याची गणती नाही. पाटी वाचली नाही म्हणून, रांग मोडली म्हणून, चुकीच्या दारातून आला म्हणून. त्याला उत्तर नसतं, समोरच्याने मान खाली घालायची असते.

“नाही,” मास्तर म्हणाले.

डॉक्टर इस्त्री बाजूला करायला झेपावले तेव्हा कोपराचा धक्का लागून यंत्र खाली पडलं आणि बंद झालं. त्यामुळे पुढचं कुठेच नोंदवलेलं नाही. मास्तर चाचपडत पुन्हा स्टुलावर बसले. सुई अजून हातातच होती, दोरा ओवलेला नव्हता.

“डावा डोळा गेलाच आहे,” ते म्हणाले. “उजव्याने कडेकडेचं दिसतं. मधे धूर. दीड वर्ष झालं असेल. कुणाला बोललो नाही. शिंप्याला दिसत नाही म्हटल्यावर कापड कोण टाकेल?”

“आणि ते पेन?”

“त्याच्यावरचे आकडे केवढेसे असतात हो. फिरवताना टकटक वाजतं, ते मोजायला लागलो. मधे गिऱ्हाईक आलं की चुकायचं. जास्त गेलं तर बसल्या जागी मरतो म्हणून तुम्हीच बजावलं होतं. मग ठेवून द्यायचो.” ते थोडं थांबले. “तुम्हाला वाटायचं मी टाळतोय. पण बघतो म्हणालो की घरी जाऊन रोज खरंच बघायचो, डॉक्टर. उजेडाला धरून बघायचो. दिसायचं नाही, एवढंच.”

डॉक्टरांना तेव्हा सगळं एकदम आठवलं. दोन बोटं आखूड पँट, पिवळं बटण, बंद खिसा, अधीक्षकांच्या जागची सही, ‘चांगला आलाय’. माणूस महिनाभर त्यांना जमेल त्या सगळ्या मार्गांनी सांगत होता आणि ते त्याचं बोलणं त्यालाच परत सांगत बसले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी साधी, लहानपणी वाटायची तशी.

केंद्रात परत येऊन त्यांनी मास्तरांची फाईल मागवली. सिस्टरनी पान उलटून पुढे केलं. चौदा महिन्यांपूर्वीची नोंद होती, डॉक्टरांच्याच अक्षरात. ‘डोळे तपासून घेण्यास सांगितले. बघतो म्हणाले.’ बघतोखाली लाल शाईने दोन रेघा मारलेल्या होत्या. डॉक्टर ते पान किती वेळ धरून बसले होते ते बाहेरच्या साठ माणसांना माहीत, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच कोणावर ओरडण्याचा आवाज आला नाही.

सिस्टरनी दुसऱ्या दिवसापासून इन्शुलिन स्वतः द्यायला घेतलं, आणि टकटक न चुकता कशी मोजायची तेही मास्तरांना शिकवलं. साखर उतरली, पण अंगठ्याला उशीर झाला होता. तो काढावा लागला. पाऊल राहिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डाव्याचं आता काही होणार नाही, उजवा आहे तेवढा टिकवायचा प्रयत्न करू. वर्षभर आधी पाठवलं असतं तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. डॉक्टरांनी ते मनात पूर्ण केलं, आणि त्या आठवड्यात रोज पूर्ण करत राहिले.

मॅडमचा निकाल आला. त्यांनी लिहिलं होतं, ‘सुरुवात आश्वासक. परंतु रुग्णाने बदलासाठी स्वतःचे कारण एकदाही मांडलेले नाही. तेराव्या मिनिटाला डॉक्टरांनी बंद प्रश्न विचारला, तोही ओरडून. रुग्णाने नकारार्थी उत्तर दिल्याने संवाद तिथेच संपला. अनुत्तीर्ण. पुढील तुकडीत पुन्हा हजर राहावे.’ त्याला जोडून कार्यालयाचं पत्र होतं, यंत्र कोणत्या परिस्थितीत पडलं याचा तीन प्रतींत खुलासा मागणारं. अधीक्षकांनी शिक्क्यांच्या खुर्चीची पुन्हा आठवण करून दिली.

मास्तर पट्टी बदलायला आले तेव्हा सिस्टरनी त्यांना ही बातमी देऊन टाकली. सिस्टरना पोटात काही ठेवायची सवय नव्हती.

“माझ्यामुळे नापास झालात,” मास्तर म्हणाले.

“माझ्यामुळे झालो,” डॉक्टर म्हणाले.

“पुन्हा परीक्षा आहे म्हणे. मग कोट तरी नीट करून देतो. काढा इकडे.”

“मास्तर, राहू द्या हो आता.”

“शिवायचं नाही म्हणत. उसवायचंय. उसवायला डोळे लागत नाहीत.”

डॉक्टरांनी कोट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. बाहेर गर्दी होती, सिस्टर दोनदा आत डोकावून गेल्या. मास्तरांनी कोटावरून बोटं फिरवली, बंद खिसा शोधला, कडेचा पहिला टाका नखाने उचलला आणि एकेक करत दोरा ओढत गेले. डॉक्टर समोर बसून राहिले. काही बोलावं असं त्यांना वाटलं नाही आणि सात मोजायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

शेवटचा टाका निघाला, मास्तरांनी खिसा उलटा केला आणि आतला टणक तुकडा निसटून फरशीवर टक्कन वाजला.

“खडू,” मास्तरांचा चेहरा उजळला. “खुणेचा खडू माझा. महिनाभर शोधतोय. कुठे पडला, बघा बरं जरा.”

पांढरी फरशी, पांढरा खडू. डॉक्टरांनी पँट वर ओढली, गुडघे टेकले आणि तपासणीच्या टेबलाखाली डोकं घातलं.

“बघतो,” ते म्हणाले, आणि बघू लागले.